‘संप्रेरक’ या शब्दात न मावणारा खेकडा

मराठीतल्या शास्त्रीय परिभाषेची चर्चा बहुधा एकाच वळणाने जाते. शब्द संस्कृतप्रचुर आहे, जड आहे, विद्यार्थ्याच्या जिभेवर बसत नाही, असे म्हटले जाते. मग कोणी सोपा पर्याय सुचवतो, कोणी इंग्रजी शब्दच ठेवा म्हणतो, आणि विषय संपतो. शब्द जड की हलका यापेक्षा तो खरे सांगतो की नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो एका शब्दाबाबत विचारायचा आहे. शब्द आहे ‘संप्रेरक’, आणि त्याची परीक्षा घेणारा प्राणी आहे खेकडा.

‘संप्रेरक’ म्हणजे प्रेरणा देणारे, पुढे ढकलणारे, कामाला लावणारे. ज्या इंग्रजी शब्दासाठी तो घडवला, त्या ‘हॉर्मोन’चा अर्थही तोच. १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञांना आतड्यातून रक्तात मिसळून स्वादुपिंडाला पाचकरस सोडायला लावणारा एक स्राव सापडला. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा स्रावांना ‘चेतवणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. ज्या उदाहरणावरून नाव सुचले ते उदाहरण खरोखरच चेतवण्याचे होते, त्यामुळे नाव चपखल बसले. पण काही वर्षांतच शार्पी-शेफर या दुसऱ्या शास्त्रज्ञाने अडचण दाखवली. काही स्राव चेतवत नाहीत, आवरतात. त्यांना चेतवणारे म्हणणे चूक आहे. त्याने आवरणाऱ्या स्रावांसाठी ‘कॅलोन’ हा वेगळा शब्द सुचवला. तो व्यवहारात रुजला नाही. ‘हॉर्मोन’च सर्वांच्या डोक्यावर बसला आणि इंग्रजी वाचकाला त्याचे ग्रीक मूळ ठाऊक नसल्याने तिथे फारसे बिघडलेही नाही.

मराठीत बिघडले, कारण आपण मूळ अर्थ उघडा करून शब्द बनवला. मराठी विश्वकोशाच्या अनेक नोंदींत ‘हॉर्मोन’ हाच शब्द ठेवलेला आढळतो. पण पुढे स्पष्टीकरण येते ते ‘उत्तेजक स्राव’ असे. पाठ्यपुस्तकांनी ‘संप्रेरक’ स्वीकारला. म्हणजे शब्द घ्या किंवा त्याचे स्पष्टीकरण घ्या, वाचकाच्या मनात चित्र एकच उभे राहते: शरीर स्वस्थ बसलेले असते, एक द्रव्य येते आणि त्याला कामाला लावते. माणसाच्या शरीराबद्दल हे चित्र निम्मे तरी खरे असते. खेकड्याच्या बाबतीत ते गाभ्याशीच उलटे आहे.

स्टार्लिंगने ‘हॉर्मोन’ हे नाव दिले त्याच १९०५ साली अमेरिकेत चार्ल्स झेलेनी या प्राणिशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. तुटलेले अवयव पुन्हा कसे वाढतात याचा तो अभ्यास करत होता. फिडलर जातीच्या खेकड्यांचे डोळ्यांचे देठ काढले तर ते नेहमीपेक्षा लवकर कात टाकतात, असे त्याला दिसले. खेकड्याचे डोळे देठांच्या टोकावर असतात हे आपण सगळेच पाहतो. त्या देठांत दृष्टीखेरीज आणखी काही असेल, असे तेव्हा कोणाच्या ध्यानात नव्हते. झेलेनीने खेकड्याला काही टोचले नव्हते, काही खाऊ घातले नव्हते. शरीरातून काहीतरी कमी केले होते, आणि वाढ वेगाने झाली होती.

या एका निरीक्षणाचा अर्थ लागायला जवळजवळ अर्धशतक गेले. १९३०च्या दशकात स्वीडिश संशोधक हॅनस्ट्रॉम याने डोळ्याच्या देठातले दोन भाग वेगळे ओळखले: एक सायनस ग्रंथी आणि दुसरा, ज्याचे काम कळेना म्हणून ज्याला केवळ अक्षराचे नाव मिळाले, तो ‘एक्स-अवयव’. सुरुवातीला सगळे श्रेय सायनस ग्रंथीला दिले गेले. पण नुसती ती ग्रंथी काढली तर सबंध देठ काढल्यासारखा परिणाम येईना. १९५०च्या सुमारास डोरोथी ब्लिस, पॅसानो आदींच्या कामातून उलगडा झाला. द्रव्य तयार होते एक्स-अवयवातल्या मज्जापेशींत. सायनस ग्रंथी हे त्याच पेशींच्या टोकांचे कोठार. कोठार मोडले तरी कारखाना चालूच होता. १९५३ मध्ये फ्रान्समध्ये गाबे याने डोक्याच्या भागात आणखी एका जोडग्रंथीचे वर्णन केले. तिला ‘वाय-अवयव’ म्हणतात. लगेच एशालिए याने ती काढून पाहिली, तेव्हा खेकड्याचे कात टाकणे थांबले. परत रोपली, तेव्हा ते सुरू झाले.

मग चित्र पुरे झाले. वाय-अवयव कात टाकायला लावणारे द्रव्य तयार करू शकतो. एक्स-अवयव त्याला आवरून धरणारे द्रव्य सतत पाठवत राहतो. दोन कातींमधला जो दीर्घ काळ आपल्याला स्वस्थतेचा वाटतो, तो खरे तर मनाईचा काळ असतो. मनाई ढिली झाली की वाय-अवयव कामाला लागतो आणि खेकडा कात टाकतो.

आता या आवरणाऱ्या द्रव्याला मराठीत काय म्हणायचे? आपल्या रूढ पद्धतीने ‘निर्मोचन-रोधी संप्रेरक’. फोड करून वाचा: कात टाकण्याला अडवणारे, पुढे ढकलणारे द्रव्य. एकाच नावात लगाम आणि चाबूक. विद्यार्थी हे पाठ करतो, परीक्षेत लिहितो, गुण मिळवतो; आणि नावातला विरोध त्याला खुपत नाही, कारण पाठ केलेला शब्द कानाला ऐकू येईनासा झालेला असतो. परिभाषेची खरी हानी ही आहे.

याउलट स्वयंपाकघराची भाषा पाहा. ठाणे-रायगडात समुद्राच्या किंवा खाडीच्या खेकड्याला चिंबोरी म्हणतात, शेता-ओढ्यातल्या खेकड्याला मुठा. कोळीणीच्या पाटीसमोर बसलेली बाई खेकडा हातात घेते, वजन जोखते, पोटाकडची बाजू दाबून पाहते आणि निकाल देते: भरलेला, पोकळ किंवा लाखेचा. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असेही सर्रास ऐकू येते. त्यातला तिथीचा भाग बाजूला ठेवला तरी ‘पोकळ’ हा शब्द अचूक आहे. नुकतीच कात टाकलेला खेकडा पाणी शोषून फुगतो आणि नवे कवच ताणून मोठे करून घेतो. बाहेरून आकार वाढलेला असतो, आत मांस मात्र जुन्याच मापाचे. पुढच्या काळात पाण्याची जागा मांस घेते, तेव्हा तो ‘भरतो’. आणि मादीचे अंडाशय पिकून लालसर-केशरी झाले की ती ‘लाखेची’. या तीन शब्दांत खेकड्याच्या आयुष्याच्या तीन अवस्था आहेत, आणि कोण कोणाला प्रेरणा देतो याबद्दल एक अक्षरही नाही. जे दिसते तेवढेच हे शब्द सांगतात. म्हणूनच ते चुकत नाहीत.

मुरबाड तालुक्यात, कल्याणहून टोकावड्यामार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे लागते. घाटाच्या पायथ्याच्या या पट्ट्यात पहिले पाऊस झाले की ओढ्याकाठी रात्री बॅटऱ्यांचे उजेड फिरू लागतात. उन्हाळाभर बिळात दडलेले मुठे बाहेर आलेले असतात. या खेकड्यांचे पिल्लू समुद्री खेकड्याप्रमाणे पाण्यात तरंगणाऱ्या अळीच्या रूपाने आयुष्य सुरू करत नाही. ते अंड्यातून इवलासा खेकडा होऊनच निघते आणि काही काळ आईच्या पोटाखाली राहते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर बिळे करून राहणाऱ्या अशाच एका खेकड्याची शास्त्रात नोंद झाली ती १८३६ मध्ये, दख्खनभर हिंडलेल्या कर्नल साइक्सच्या लेखातून. आज त्याला बॅरिटेल्फ्यूसा क्युनिक्युलॅरिस म्हणतात. नावाच्या लॅटिन उत्तरार्धात बीळ आणि ससा दोन्ही आहेत: सशासारखी बिळे करणारा.

याच जातीवर १९७०च्या दशकात औरंगाबादच्या तत्कालीन मराठवाडा विद्यापीठात काम झाले. प्रा. आर. नागभूषणम यांच्या मार्गदर्शनाखालच्या प्राणिशास्त्र विभागात हा खेकडा नेहमीचा अभ्यासविषय होता. ए. डी. दिवाण आणि नागभूषणम यांनी त्याच्या प्रजननचक्राचा आणि त्यासोबत जननग्रंथींत होणाऱ्या रासायनिक बदलांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. खेकडा इथला, प्रयोगशाळा इथली, निबंध इंग्रजीत. त्यात गैर काही नाही. विज्ञानाचा व्यवहार तसाच चालतो. पण अशा कामातून मराठीत जे परत यायला हवे होते ते परत आले नाही. आला तो फक्त एक शब्द, आणि तोही उलट्या तोंडाचा.

कात टाकणे हा शब्दप्रयोगही इथे तपासून घ्यायला हवा. तो आपण सापावरून घेतला. एखादी संस्था, एखादे शहर ‘कात टाकते’ म्हणजे नवे रूप धारण करते, उजळून निघते, असे आपण लिहितो. सापाची कात हा त्वचेचा वरचा पापुद्रा. ती टाकून साप लगेच सळसळत निघून जातो. खेकड्याचे तसे नाही. जुन्या कवचातले काही कॅल्शियम तो आधी आत ओढून घेतो. मग कवच मागच्या बाजूने उघडते आणि तो उलट्या पावली बाहेर पडतो. बाहेर टाकले जाते ते नुसते पाठीवरचे कवच नव्हे: कल्ल्यांवरचे आवरण, जठरातले दात, पायांच्या टोकांपर्यंतचा सगळा साचा. त्यानंतर काही काळ तो मऊ, निःशस्त्र आणि लपलेला असतो. वाढ होते ती नेमकी त्या वेळी. म्हणून कात टाकणे ही खेकड्याच्या आयुष्यातली उजळून निघण्याची नव्हे, जिवावर बेतण्याची घटना आहे. तिला बहुतेक काळ मनाई असावी यात नवल नाही. शरीराने लगाम का निवडला याचे उत्तर या मऊपणात आहे.

प्रजननातही तोच लगाम दिसतो. १९४३ मध्ये पानूझ या फ्रेंच संशोधकाने मादी कोळंबीच्या डोळ्यांचे देठ काढले आणि तिचे अंडाशय अवेळी वाढले. देठातून जसा कात टाकण्यावर, तसा अंडाशयावरही आवर जात असतो. दोन्ही एकाच ठिकाणाहून आवरले जावेत याला व्यवहाराचा अर्थ आहे. मादी अंडी पोटाखालच्या उपांगांच्या केसांना चिकटवून वागवते. त्या काळात कात टाकली तर अंडीही कवचासोबत जातील. वाढ आणि वीण यांना एकमेकींची वेळ सांभाळावी लागते. पाटीतल्या खेकड्याला ‘पोकळ’ आणि ‘लाखेचा’ ही दोन वेगळी नावे मिळतात, त्यामागे हा हिशेब आहे.

पण आवर काढला की काम आपोआप नीट होते, असेही नाही. कालिकत विद्यापीठात के. जी. अडियोडी आणि जी. अनिलकुमार यांनी केरळातल्या भातशेतीतल्या पॅराटेल्फ्यूसा हायड्रोड्रोमस या खेकड्यावर प्रयोग केले. विणीच्या हंगामाआधी देठ काढले तर अंडाशय वाढते, पण ती वाढ नैसर्गिक वाढीसारखी नसते, हा त्यांचा १९८०च्या सुमाराचा निष्कर्ष. मनाई उठवणे आणि आज्ञा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हंगाम, पाणी, अन्न, शरीरात साठलेला ऐवज यांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय नुसत्या मनाई उठवण्याने पूर्ण फळ मिळत नाही.

इथे परिभाषेचा प्रश्न पुस्तकातून बाहेर पडून हौदाकाठी पोचतो. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी कटकला कार्प माशांना पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावले. त्या पद्धतीला मराठीत ‘प्रेरित प्रजनन’ म्हणतात, आणि ते नाव रास्त आहे. बाहेरून प्रेरणा दिली गेली होती. १९७०च्या दशकात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केरळातल्या नारक्कल प्रयोगशाळेत मुथू आणि लक्ष्मीनारायण यांनी कोळंबीच्या डोळ्याचा देठ काढून तिला पक्व करण्याचे प्रयोग केले. पुढे कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांत मादीचा एक डोळा काढणे ही जगभर रोजची रीत झाली. हीही ‘प्रेरित’ परिपक्वता म्हणूनच ओळखली जाते. एकीकडे सुई टोचून काही दिले जाते, दुसरीकडे डोळा छाटून काही काढून घेतले जाते, आणि शब्द दोन्हीकडे एकच. ‘प्रेरित’ वाचणाऱ्याला डोळा दिसतच नाही. आता ही रीत सोडावी, डोळा न काढताही प्रजनन साधावे, असा आग्रह जगात वाढतो आहे. ज्या भाषेत त्या कृतीचे नाव तिचे स्वरूप झाकते, त्या भाषेत हा वाद नीट मांडताही येणार नाही.

टीका करताना न्यायही करायला हवा. ‘संप्रेरक’ हा शब्द जिथे शोभतो अशी स्थळे या प्राण्यांतही आहेत. १९५४ मध्ये शार्निओ-कोतों या फ्रेंच शास्त्रज्ञ बाईंनी किनाऱ्यावर उड्या मारणाऱ्या एका छोट्या कवचधारी प्राण्याच्या नरात एक ग्रंथी शोधली. ती मादीत रोपली की मादीचे शरीर नराच्या वळणावर जाते. ही खरी प्रेरणा. वाय-अवयवाचे द्रव्यही प्रेरकच. ते किती थोडे पुरते याची कल्पना येण्यासाठी एकच आकडा पुरे: १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅम्पशायर आणि हॉर्न यांनी एक टन समुद्री क्रेफिशमधून ते वेगळे काढले, तेव्हा हाती लागले २ मिलिग्रॅम. कीटकांना कात टाकायला लावणाऱ्या द्रव्याचेच हे भावंड निघाले.

याहून नाजूक गोष्ट पुढे कळली. देठातून निघणारी वाढ आवरणारी, अंडाशय आवरणारी आणि रक्तातली साखर वाढवणारी प्रथिने ही एकाच कुळातली आहेत. साखर वाढवणारे द्रव्य कात टाकण्याच्या ऐन घटकेला खेकड्याच्या आतड्यातूनही मोठ्या प्रमाणात सुटते आणि पाणी शोषून फुगायला मदत करते, असे चुंग, डिर्कसेन आणि वेबस्टर यांनी १९९९ मध्ये किनारी खेकड्यात दाखवले. म्हणजे एकाच कुळातले द्रव्य एका ठिकाणी आवरते, दुसऱ्या ठिकाणी फुगवते. प्रेरणा किंवा मनाई हा द्रव्याचा स्वभाव नव्हे. ते कुठून सुटले, केव्हा सुटले आणि कोणी ऐकले यावर ते ठरते. मग ‘संप्रेरक’ला जोडीदार म्हणून ‘संरोधक’ बनवून भागणार नाही. शार्पी-शेफरचा उपाय इंग्रजीत टिकला नाही, तसा तो मराठीतही टिकणार नाही.

या शब्दाची सवय एवढी खोल का, याचे उत्तर मला परिभाषेच्या बाहेर सापडते. मराठीला खेकड्याच्या गोष्टीत नेहमी एक हेतू असलेला कर्ता लागतो. उघड्या टोपलीतले खेकडे एकमेकांचे पाय ओढतात म्हणून झाकण लागत नाही, हा दृष्टान्त मराठी माणसावर इतक्या भाषणांतून वापरला गेला आहे की खेकडा म्हणजे मत्सर हे समीकरणच झाले. टोपलीतला खेकडा खाली पडू नये म्हणून हाताला लागेल ते धरतो; त्यात वर चढणाऱ्याबद्दल मत नसते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, माणसे वाहून गेली, आणि तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी त्याला खेकडे कारणीभूत असल्याचे म्हटले. त्यावर हसे झाले, निषेध म्हणून खेकडे घेऊन मोर्चेही निघाले. पण बिळे करणाऱ्या प्राण्यावर गुन्हेगाराचा आळ इतक्या सहज येऊ शकला, कारण तो भाषेने आधीच आरोपी करून ठेवलेला होता. ‘संप्रेरक’ हा शब्द आणि टोपलीचा दृष्टान्त यांत विद्वत्तेचे अंतर आहे, वृत्तीचे नाही. दोन्हींना ढकलणारा कोणी तरी हवा असतो. आवरून धरणारी, योग्य वेळेपर्यंत थांबवणारी शक्ती दोन्हींच्या नजरेतून सुटते.

मग करायचे काय? रूढ शब्द फेकून देता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. ‘संप्रेरक’ संज्ञा म्हणून राहू दे. पण तिचे स्पष्टीकरण ‘उत्तेजक स्राव’ असे देणे थांबवायला हवे. मराठीत त्यासाठी एक घरगुती शब्द तयार आहे: निरोप. निरोप ‘ये’ असाही असतो, ‘येऊ नको’ असाही असतो. तो कोणाकडून आला, कोणत्या वेळी आला आणि ऐकणारा कोण, यावर त्याचा अर्थ ठरतो. रक्तातून जाणारा निरोप म्हटले की झेलेनीचा प्रयोग, अडियोडींचा निष्कर्ष आणि आतड्यातून सुटणारे साखरेचे द्रव्य, सगळे विरोधाशिवाय समजावून सांगता येते.

आठवीच्या मुलासाठी हा धडा लिहायचा झाला तर एवढे पुरे व्हावे: खेकड्याच्या डोळ्यांच्या देठांतून शरीराला ‘अजून नको’ असा निरोप सतत जात असतो, तो ओसरला की खेकडा कात टाकतो, काही काळ मऊ आणि पोकळ राहतो, मग हळूहळू भरतो. वैशाखऱ्याच्या मुलाला यातला ‘पोकळ’ आणि ‘भरतो’ समजावून सांगावा लागणार नाही. नवे असेल ते फक्त ‘अजून नको’.